कॉमरीचं भूकंपघर वसमतच्या शाळेत करायचंय: मापं, पाया, नोंदवही?

वसमतचे_मास्तर

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये कॉमरी म्हणून एक लहान गाव आहे. भूकंपाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. १८७४ साली गावाबाहेरच्या खडकाळ टेकाडावर तिथं एका खोलीचं 'भूकंपघर' बांधलं. आत लाकडी दंडगोल उभे करून ठेवायचे आणि कोणता पडला, कुठं पडला त्यावरून धक्क्याचा जोर नि दिशा ठरवायची.

आमच्याकडं पांगरा शिंदे, वापटी भागात जमिनीतून आवाज यायलेत, त्याला आता वर्षं झाली. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ चे ४.५ चे धक्के तर हिंगोली, नांदेड, परभणी सगळीकडं जाणवले. आठवी-नववीच्या मुलांकडून कॉमरीसारखं घर करून घ्यावं असा विचार आहे. खर्च कमीत कमी हवा. विचारायचं ते असं:

दंडगोलांची मापं कशी ठरवायची? काळ्या रानात पाया कसा घ्यायचा? त्या गावात नोंदी कोण नि कशा ठेवत? आणि शाळेची एक माजी विद्यार्थिनी एडिंबराला शिकतेय, ती कॉमरीला जाऊन फोटो आणते म्हणाली; तिला तिथं नेमकं काय बघायला सांगू?

लंबक

सर, मापांचं आधी. हे यंत्र आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट याच्या पद्धतीचं. त्यामागचं गणित नववीच्या मुलाला जमतं. उभा दंडगोल उलटायला लागणारं त्वरण, भागिले गुरुत्वत्वरण, म्हणजे व्यास भागिले उंची. ३० सेंमी उंच आणि ३ सेंमी व्यासाचा दंडगोल साधारण ०.१ जी ला (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) पडेल. वजन या सूत्रात येतच नाही, त्यामुळं सागवान की लोखंड हा वाद घालू नका. उंची सगळ्यांची एकच ठेवा, व्यास बदलत न्या.

स्वस्तात करायचं तर शेतीच्या दुकानातला पीव्हीसी पाइप घ्या. बाहेरचा व्यास २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५ आणि ९० मिमी असा तयारच मिळतो. प्रत्येकाचे ४० सेंमीचे दोन-दोन तुकडे कापा. २० चा ०.०५ जी ला पडेल, ४० चा ०.१ ला, ९० चा साधारण ०.२२ ला. काप काटकोनात हवा. करवतीनं कापून काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर तोंड घासा. पाइप हलका असतो, वाऱ्यानं पडेल, म्हणून वाळू-सिमेंट भरा; पण खालच्या तोंडाशी भराव दोन मिमी आत ठेवा, म्हणजे पाइप कडेवर उभा राहतो आणि भरावाच्या उंचवट्यावर डुगडुगत नाही. तळाची कड गोल झाली की तो ठरल्यापेक्षा लवकर पडतो.

आता खरी अडचण. वरचं गणित सावकाश, लांब धक्क्याचं आहे. आपल्याकडचे लहान धक्के उथळ आणि जवळचे असतात. त्यात जमीन सेकंदाला पाच-दहा वेळा, झटक्यानं हलते. एवढ्या वेळात ४० सेंमीचा पाइप डोलतो नि परत जागेवर बसतो. लहान आकाराचा दंडगोल अशा झटक्याला जास्त दाद देतो. म्हणून दुसरा संच १२ सेंमी उंचीचा करा: माइल्ड स्टीलचा गुळगुळीत गोल बार, ६, ८, १० आणि १२ मिमी. बांधकामाची पिळाची सळई नको. लेथवाल्याकडून दोन्ही तोंडांना फेसिंग मारून, म्हणजे तोंडं सपाट काटकोनात कापून घ्या.

मांडणी अधिकाच्या खुणेसारखी. एक फळी उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम, आणि दोन्हींवर तोच संच. उत्तर-दक्षिण फळीवरचे पूर्व-पश्चिम धक्क्यानं बाजूच्या वाळूत पडतात, दुसरीवरचे उत्तर-दक्षिण धक्क्यानं. फळीची रुंदी सर्वांत जाड दंडगोलाहून सेंटिमीटरभरच जास्त घ्या आणि बारीक दंडगोल फळीच्या टोकाकडं ठेवा. दोघांमध्ये उंचीच्या निम्मं तरी अंतर सोडा, नाहीतर एक पडला की शेजाऱ्याला घेऊन जातो. दोन्ही बाजूंना पाच सेंमी कोरडी चाळलेली वाळू फळीच्या पातळीला भरा. पडलेला घरंगळत नाही, ठसा राहतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर नि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, साध्या होकायंत्रानं भागतं. फक्त ते लोखंडी कपाटापासून लांब धरा.

वाचताना दोन गोष्टी. जाड पडलाय आणि बारीक उभाच आहे, तर ती नोंद बाद: कुणाचा तरी हात लागलाय किंवा फळी कललीय. आणि पडलेल्या दिशेवरून रेषा कळते, बाजू कळत नाही. दंडगोल डोलून उलट्या बाजूलाही पडतो. 'पूर्वेकडून धक्का आला' असं पोरांना लिहू देऊ नका, 'पूर्व-पश्चिम' लिहू द्या.

मुरूम_खडक

पायाचं मी सांगतो. कॉमरीचं ते घर उघड्या खडकावर बसवलंय, म्हणून चाललं. तुमच्या काळ्या मातीत तसंच वर ओटा घातलात तर पावसाळ्यात माती फुगेल, उन्हाळ्यात भेगाळेल आणि भूकंपाशिवायच तुमचे बारीक दंडगोल लोळतील. माती काढून पक्क्या मुरमापर्यंत खाली जा. कुठं तीन फुटांवर लागेल, कुठं दहा. दहा लागत असेल तर जागा बदला. गावाजवळ माळ असतोच.

मुरमावर दोन फूट बाय दोन फूट काँक्रीटचा खांब उचला. खोलीची फरशी त्या खांबाला चिकटू देऊ नका, चारी बाजूंनी इंचभर फट सोडा, म्हणजे पोरांच्या पावलांची हालचाल खांबापर्यंत जात नाही. फळ्यांची अधिकाची खूण खांबाबाहेर जात असेल तर वर दगडी फरशी टाका, पण ती टेकली पाहिजे खांबावरच. पातळीला साधी पाणसळ चालेल, मात्र ती उलटसुलट फिरवून दोनदा बघा; पाणसळच चुकीची निघणं फार होतं. दर महिन्याला पातळी तपासा आणि तारीख टाका. रस्त्यापासून, पिठाच्या गिरणीपासून, बोअरच्या मोटारीपासून लांब. दारं-खिडक्या बंद, छताचा पंखा काढून टाका. उंदीर-मांजराला जाळी.

पर्थवासी_लातूरकर

कॉमरीचं थोडं, म्हणजे ताईला फिरायला सोपं जाईल. गाव स्ट्रॅथर्न खोऱ्यात, अर्न नदीला लेडनॉक आणि रुखिल मिळतात तिथं. खाली नदीची गाळवट सपाटी, मेंढ्यांची कुरणं. उत्तरेला डोंगर एकदम उठतात, कारण हायलँड बाउंड्री फॉल्ट हा जुना भ्रंश (खडकातली लांब भेग) इथूनच जातो. रेल्वे १९६४ ला बंद झाली. पर्थहून बस क्रीफमार्गे येते. रविवारी फेऱ्या कमी, वेळापत्रक आदल्या दिवशी बघायला सांगा.

भूकंपघर गावाच्या पश्चिमेला 'द रॉस' भागात, नदी ओलांडून पायी. चौकोनी दगडी खोली, कुलूपबंद, खिडकीतूनच बघायचं. फोटो काढताना मोबाइलची भिंग काचेला टेकवावी, नाहीतर स्वतःचंच प्रतिबिंब येतं. आत जाऊन माप घेता येत नाही, पण लंबक म्हणतात त्याप्रमाणं गुणोत्तरच हवंय. प्रत्येक दंडगोल समोरून, मोबाइल सरळ धरून टिपला की फोटोवरूनच उंची-व्यास मोजता येतो. फळ्यांची जोडणी आणि वाळूची पातळी यांचेही फोटो घ्यावेत. घर १९११ नंतर वापरात नव्हतं, १९८८ ला दुरुस्त केलं. मॅलेटच्या यंत्राची प्रतिकृती नि ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं आधुनिक यंत्र तेव्हाच ठेवलं.

वेळ असेल तर लेडनॉकच्या घळीत डेव्हिल्स कॉल्ड्रन धबधबा आहे. वर डनमोर टेकडीवर मेलव्हिलचा मनोरा, तिथून सगळं खोरं आणि डोंगराची ती सरळ कड दिसते. भूगोलाच्या तासाला हाच फोटो जास्त कामाचा. घळीच्या माथ्याला लेडनॉक धरण आहे, त्याचे टेकू हिऱ्याच्या आकाराचे. इथल्या भूकंपांचा विचार करूनच ती रचना निवडली.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं कुरणातून पायी जायला मुभा आहे, उभ्या पिकातून नाही. फाटक जसं होतं तसं सोडायचं: बंद तर बंद, उघडं तर उघडं. एप्रिल-मे कोकरांचा हंगाम, मेंढ्यांपासून लांब राहायचं. जून ते ऑगस्ट वारा पडला की मिज नावाची चिलटं चेहरा फोडून काढतात. गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यात खोचायची.

वसमतचे_मास्तर

भरपूर मिळालं, आभार. नोंदवहीचं राहिलं. आणि धक्क्याची वेळ कशी धरायची? दंडगोल कधी पडला हे सकाळी कुलूप उघडल्यावरच कळणार ना?

नोंदवही

वेळेसाठी शाळेचा एखादा सीसीटीव्ही कॅमेरा दंडगोलांवर लावा. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ इंटरनेटशी जोडा, नाहीतर महिन्याभरात काही मिनिटं मागं-पुढं जातं. वीज जाते तेव्हासाठी लहान इन्व्हर्टर.

पण सर, माझं मत विचाराल तर दंडगोल हा या कामाचा कमी महत्त्वाचा भाग. कॉमरीचं नाव झालं ते नोंदींनी. १८३९ च्या धक्क्यांनंतर तिथले पोस्टमास्तर पीटर मॅकफार्लेन आणि चांभारकाम करणारे जेम्स ड्रमंड यांनी प्रत्येक हादरा लिहायला घेतला. मॅकफार्लेननं जोर मोजायला एक ते दहा अशी पट्टी केली. २३ ऑक्टोबर १८३९ च्या मोठ्या धक्क्याला दहा. आजच्या हिशेबानं तो ४.८ चा, म्हणजे तुमच्या २०२४ च्या धक्क्यांच्या आसपासचा. पुढं एडिंबराचे फोर्ब्स यांनी उलट्या लंबकाचं यंत्र दिलं: खाली ताठ तार, वर दांडा, टोकाला पेन्सिल. लोकांना जाणवलेल्या धक्क्यांपैकी थोडेच त्यावर उमटले. तुमच्याकडं तसंच होणार, म्हणून वही आधी सुरू करा, खोली नंतर बांधा.

रकाने असे ठेवा: तारीख, वेळ (मोबाइलमधली), गाव-वस्ती, घरात की बाहेर, कितवा मजला, बसलेले-झोपलेले-चालत होते, आवाज आला का आणि हादऱ्याच्या आधी की नंतर, मांडणीवरची भांडी वाजली की पडली, पत्रे वाजले का, भिंतीला नवी भेग. ज्यांना काहीच जाणवलं नाही त्यांचीही नोंद हवी. ती नसेल तर धक्का कुठं संपला ते नकाशावर काढता येत नाही. पारावर सगळ्यांना एकत्र विचारू नका, पहिला बोलेल तेच सगळे बोलतात. घरोघरी, वेगवेगळं, त्याच दिवशी विचारा.

आवाजांसाठी वेगळं पान. शेजारच्या खाणीत, विहिरीत सुरुंग कधी उडवतात ते विचारून वेळा लिहून ठेवा; दुपारी ठरावीक वेळेला येणारा आवाज बहुतेक तोच असतो. दोन-तीन विहिरींची पाणीपातळी आठवड्याला मोजा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पावसाळ्यानंतर असे उथळ धक्के वाढल्याचं दिसलंय, त्यामुळं हा रकाना पुढं अभ्यासकांना उपयोगी पडेल. जाणवलेला धक्का राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' ॲपवरही टाका. मुलांच्या वहीतली वेळ त्यांच्या वेळेशी ताडून बघता येते.

मुरूम_खडक

वहीत अजून एक रकाना घाला: घर कशाचं. माळवद (मातीचं सपाट छत), पत्रा, की स्लॅब. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. अशा भिंतीचे आतला नि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये मातीगोटे भरलेले. हादरा बसला की थर सुटतात. दोन्ही थर बांधणारा लांब दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्यात चार फुटांच्या आत हवा. पोरं घरोघरी जाणारच आहेत, तर माळवदाच्या भिंतीला पोट आलंय का, एवढं ओळंबा धरून बघू द्या. तीन मीटर उंचीत दोन बोटांहून जास्त फुगली असेल त्या घरात रात्री झोपण्याची जागा आधी बदलायला सांगा, मग टेकू द्या.