मदत हवी आहे : ‘भिया, परची क्यों?’ला दोन वाक्यांचं उत्तर

इंदूरमधल्या फार्मासिस्ट मंडळींसाठी प्रश्न. काउंटरवर गिऱ्हाइकं रोज ठरलेलं विचारतात : ‘परची क्यों?’, ‘पिछली बार तो दी थी’, ‘आप भी तो डॉक्टर ही हो ना?’ सगळ्यात जास्त अडतं ते सेफिक्झिम (अँटिबायोटिक) आणि अल्प्राझोलाम (चिंता, घबराटीवरचं औषध) यांवर. दोन्ही शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय (परचीशिवाय) देता येत नाहीत. रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं.

‘कायदा आहे’ म्हटलं की वाद वाढतो, मागची रांग तुंबते. पाटी लावली, तर सहा ओळी उभ्याने कोणी वाचत नाही. पाकिटावरची इशाऱ्याची लाल चौकट दाखवल्यावर निम्मे तरी ऐकतात, पण सुटी पट्टी कापलेली असली की चौकट दिसतेच असं नाही. चिठ्ठी जुनी असेल तर बोलणं आणखी लांबतं.

उत्तर हिंदी-मराठी दोन्हींत चालेल असं, दहा सेकंदांत संपणारं आणि वयस्कर माणसाचा मान राखणारं हवं. औषध नाकारतोय यापेक्षा त्यांची काळजी वाटते, हे त्यांना कळायला हवं. फोनवर डॉक्टरांशी बोलून देण्याचा सल्ला नको, त्याने रजिस्टर भरत नाही.

तुमच्या काउंटरवर नेमकं कोणतं वाक्य चालतं, आणि त्यानंतर गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन खरंच परत येतं का?