किंग्ज इंडियन : मध्य बंद झाल्यावर काळ्याने योजना कशी आखावी?

धागाकर्ता :
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात शाळा सुटल्यावर मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. काळी मोहरी घेऊन ती किंग्ज इंडियन ही सुरुवात (डावाच्या पहिल्या चालींची ठरलेली पद्धत) खेळतात. पण पांढऱ्याचे प्यादे डी५ वर आणि काळ्याचा घोडा ई७ वर आला, की मध्य बंद होतो (मधली प्यादी एकमेकांना अडवून बसतात) आणि तिथून पुढे मुले भरकटतात. काही जण एफ५ (म्हणजे प्यादे एफ५ वर) करून थांबतात, तर काही जण वजिराच्या बाजूला बचाव करत बसतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
भाऊ, आधी प्याद्यांची साखळी (एकमेकांना आधार देणारी तिरकी रांग) कुठल्या दिशेला चालली आहे ते मुलांना पाहू द्या. पांढऱ्याची ई४-डी५ साखळी वजिराच्या बाजूला झुकते, म्हणून तो सी५ करून सी पट्टी उघडणार. काळ्याची डी६-ई५ साखळी राजाच्या बाजूला झुकते, म्हणून त्याने एफ५, मग एफ४, जी५ आणि शेवटी जी४ करायचे. एफ४ केल्यावर ई४ वरचा दबाव संपतो, त्यामुळे त्यानंतर जी४ पर्यंत पोहोचलेच पाहिजे. मध्येच थांबणे सर्वांत वाईट.

एक चाल मात्र मुद्दाम पटावर मांडून दाखवा : हत्ती एफ७. तो तिथून सी७ सांभाळतो, एफ८ हे घर रिकामे झाल्याने जी७ चा उंट तिथे जाऊन डी६ राखतो आणि मग तोच हत्ती जी७ वर येऊन जी४ ला जोर देतो. म्हणजे बचाव आणि हल्ला एकाच हालचालीत साधतो. सी८ चा उंट, जो मुलांना निरुपयोगी वाटतो, तो सहसा देऊ नये. पांढऱ्याने एच३ केले की तिथे बलिदान देऊन राजाचा कोट फोडणारा तोच असतो. पांढऱ्याचा घोडा बी५ किंवा ई६ कडे धावतो, तो पुष्कळदा या उंटाच्याच मागे असतो.

डाव विचाराल, तर नायडॉर्फ (पांढरा) विरुद्ध ग्लिगोरिच (काळा), मार देल प्लाता, १९५३. या पद्धतीला नावच त्या शहराचे मिळाले.

धागाकर्ता :
आभारी आहे, सर. पण मोबाइलवरचे इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) तर पांढऱ्यालाच सरस ठरवते?

प्रतिसाद २ :
ठरवते खरे, आणि नवव्या चालीला बी४ खेळून क्रामनिकने १९९७ मध्ये नोव्हगोरोदला जगज्जेत्या कास्पारोव्हलाही हरवले होते. तरीही तालुका पातळीवर, घड्याळात पाच मिनिटे उरलेली असताना, पांढऱ्याच्या राजाचा बचाव करणे हे इंजिनाच्या आकड्यावरून वाटते त्याहून फार अवघड असते. बी४ ला घोडा एच५ हे उत्तर शिकवावे आणि तेराव्या चालीची स्थिती मांडून, रंग बदलत, मुलांना आपसांत खेळवावे. इंजिन डाव संपल्यावरच उघडावे.