जुनी चुन्याची इमारत, सामायिक राहणी: स्वयंपाकघर कुठे ठेवावं?

ओळंबा:
नमस्कार मंडळी. मी स्ट्रक्चरल इंजिनीयर. जुन्या वस्तीतली एक चार मजली इमारत सामायिक राहणीसाठी तयार करायचं काम हातात आहे. विटांच्या भारवाही भिंती, चुन्याची दरज, लाकडी तुळयांची टोकं थेट भिंतीत बसवलेली, दोन्ही अंगांना शेजारच्या इमारती टेकलेल्या. दर्शनी भाग संरक्षित, म्हणजे बाहेरून काही चढवता येणार नाही. १८ माणसं, प्रत्येकाला खोली आणि छोटी न्हाणी, दर मजल्यावर मिळून एक स्वयंपाकघर. आर्किटेक्टने ते रस्त्याकडच्या भिंतीला लावलंय, उजेड छान येतो म्हणून. मालकांना शिवाय वीज वाचवायला सगळ्या भिंतींना आतून इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, हवंय.

माझा जीव अडकलाय तो तिसऱ्या मजल्यावर. जुन्या न्हाणीशेजारी कुणीतरी पूर्वी चुन्यावर सिमेंटचा गिलावा केला होता. ठोकून पाहिलं तर पोकळ वाजला. खाली उतरवला आणि तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. तिथून हातभर अंतरावर तेच लाकूड इतकं टणक की टोक रुतेना. आता १८ माणसांची वाफ आणि सांडपाणी याच भिंतींशेजारी आणायचं?

भिजलेली वीट:
तुमची शंका रास्त आहे. चुन्याची भिंत पाणी शोषते आणि दोन्ही बाजूंनी वाळते. सिमेंटने एक बाजू बंद केली की ओल लाकडाकडे वळते. आतल्या इन्सुलेशनचा धोकाही याच जातीचा. थंडीत घरातली ऊब भिंतीपर्यंत पोचतच नाही, वीट गार पडते, फटीतून मागे गेलेली वाफ तिथे पाणी होते, आणि तुळयांची टोकं नेमकी त्याच गार जागेत असतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजण्याची भीती धरायची.

तसंही दोन्ही बाजू टेकलेल्या असताना उघड्या भिंती दोनच उरतात. म्हणून वीज वाचवायला आधी छप्पर, मग खिडक्यांच्या फटी, मग वाफ बाहेर काढणारी वायुवीजनाची सोय. त्यानंतरही भिंतीला काही द्यायचंच असेल तर लाकूडतंतूचा किंवा कॅल्शियम सिलिकेटचा पातळ थर, मागे पोकळी न ठेवता, वर चुन्याचाच गिलावा. प्लास्टिकच्या फोमला हात लावू नका. आणि त्याआधी प्रत्येक तुळईचं टोक तपासा, नमुन्यादाखल चार-दोन नव्हे.

तोटीजोड:
पाण्याचे सगळे पाइप एका उभ्या शाफ्टमध्ये, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या एका पोकळ मार्गात, घ्या, न्हाण्याही त्याच्याभोवती. शाफ्ट जुन्या भिंतींपासून सुटा आणि दर मजल्यावर उघडता येईल असा हवा, म्हणजे गळती दिसते. गरम पाण्याच्या लाइनीही आखूड होतात. सामायिक टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवा. २० ते ४५ अंशांत लीजिओनेला, म्हणजे न्यूमोनिया करणारा जिवाणू, वाढतो, आणि रिकाम्या खोलीची न वापरलेली लाइन त्याला आयतीच जागा.

तिसरा मजला:
मी अशा घरात सहा वर्षं राहिले. स्वयंपाकघराखाली माझी खोली होती. रात्री अकराला खुर्ची सरकली की मी जागी. स्वयंपाकघरावर स्वयंपाकघरच येऊ द्या. पण शाफ्टसाठी ते इमारतीच्या मधल्या अंधाऱ्या गाभ्यात कोंडू नका. आमच्याकडे नंतर एक अंधारी जागा दिली तर लोक ताट घेऊन आपापल्या खोलीत जायला लागले, आणि वर्षभरात आम्ही एकमेकांना फक्त जिन्यात भेटत होतो. झुरिकमध्ये २०१४ साली ट्राम डेपोवर उभ्या राहिलेल्या काल्कब्राइटे या गृहसंकुलात लहान घरांचे गट मोठ्या सामायिक स्वयंपाकघराभोवती बांधलेत. सामायिक जागा आधी आणि खोल्या मागाहून, असा विचार करा.

ओळंबा:
तिसरा मजला, तुमचं वाचून नकाशा पुन्हा पसरला. ओटा, सिंक, चूल शाफ्टला लावतो. जेवणाचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी, मधे भिंत नाही. उजेड राहतो आणि पाणी भिंतीपासून लांब जातं. टेबलाभोवती सगळे जमणार, म्हणून तिथे खोलीसारखा २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर (साधारण २०० किलो वजन) भार धरून चालणार नाही, ४ धरतोय. जुन्या तुळया तो पेलणार नाहीत, त्यांना खालून स्टीलची जोड देणार. शाफ्टला स्वतःचा पाया. तो जुन्यापेक्षा वेगळा खचेल, म्हणून मधे फट सोडून पाइपांना तिथे लवचीक सांधे.

भिजलेली वीट, उद्यापासून सिमेंटचा सगळा गिलावा उतरवतोय आणि प्रत्येक टोक उघडतोय. ओलीचे आकडे दर आठवड्याला इथेच टाकतो. इन्सुलेशनचं ते पाहूनच ठरवू, मालकांना तसं आज कळवलं.