अमेरिकेचा इतिहास: राष्ट्राध्यक्षांच्या यादीपलीकडे जायचे तर सुरुवात कुठून करावी?

माळरान:
नमस्कार. मुलगी शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यापासून त्या देशाचा इतिहास नीट वाचावा, असे मनात आहे. दोनदा जाडजूड ग्रंथ हाती घेतले आणि दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्षांची रांग व मधल्या लढाया यांतच अडकलो. मला तिथले सामान्य लोक आणि त्यांच्या संस्था समजून घ्यायच्या आहेत. इंग्रजीची अडचण नाही, पण रोज तासाभरापेक्षा अधिक वेळ मिळत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उंबरठा:
सगळा देश एकदम कवेत घेऊ नका. एकच संस्था धरा आणि तिच्या मागोमाग चालत राहा. माझी निवड जनगणना. 1787 मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली जात असताना प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरवायच्या, तर गुलामांना मोजायचे की नाही यावर वाद पेटला, आणि ज्यांना मताचा अधिकारच नव्हता अशा पाच गुलामांमागे तीन माणसे धरावीत, अशी तडजोड झाली. त्यामुळे दक्षिणेकडील राज्यांना जागा तर वाढवून मिळाल्याच, शिवाय राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याची मते या जागांवरून ठरत असल्याने त्या निवडणुकीतही त्यांचे वजन वाढले. 1790 च्या पहिल्या गणनेत सुमारे 39 लाख लोक मोजले गेले. त्यांपैकी सुमारे 7 लाख गुलाम होते.

1850 पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांसाठी मात्र वेगळा तक्ता होता, आणि त्यात नाव असे ते मालकाचे. या तक्त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर पाहता येतात. एखाद्या परगण्याचे एक पान तरी अवश्य उघडा. ज्या यादवी युद्धाने गुलामगिरी संपली त्यानंतर, 1870 च्या गणनेत, हीच माणसे पहिल्यांदा नावानिशी दिसतात. आपल्यालाही जवळची वाटेल अशी एक गंमत सांगतो: 1920, 1930 आणि 1940 च्या गणनांमध्ये भारतातून आलेल्यांसाठी वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहिले जाई, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान.

पाटपाणी:
उंबरठा यांचा मार्ग चांगला आहे, पण जनगणनेत बोलते ते सरकार. लोक तिथे उत्तर देण्यापुरतेच असतात. म्हणून जोडीला 1936 ते 1938 या काळात सरकारी लेखन प्रकल्पातून नोंदवलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती वाचाव्यात. त्या दोन हजारांहून अधिक आहेत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. तासाभरात तीन-चार सहज होतात. एवढेच ध्यानात ठेवा की प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते आणि उत्तर देणारे मंदीच्या काळातले गरीब म्हातारे. तेव्हा ‘धनी चांगला होता’ असे वाक्य आले, की ते कोणासमोर उच्चारले गेले हेही पाहावे.

ओसरी:
मराठीतच सुरुवात करायची असेल, तर पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ घ्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे तो देश फिरल्या आणि 1889 मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, स्त्रियांच्या संघटना असे सगळे त्यात आहे, म्हणजे तुम्हाला हवे तेच. कौतुकाचा सूर जरा चढा आहे, पण पाहणारी नजर चोख आहे.

माळरान:
सर्वांचे आभार. काल रात्री 1850 च्या गुलामांच्या तक्त्याचे एक पान उघडले. डावीकडे मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. अगदी तान्ह्या मुलाचीही तशीच एक ओळ. पुढे पळून गेलेल्यांसाठी चक्क स्वतंत्र रकाना आहे. जनगणनेला त्याचे काय काम?

उंबरठा:
तारीख पाहा. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच वर्षी, सप्टेंबर 1850 मध्ये केला. किती गुलाम पळतात हा त्या काळी संसदेतल्या भांडणाचा विषय होता, म्हणून तो रकाना. आता त्या कायद्याकडे वळा. तिथून ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेला, 1857 मध्ये निकाल लागलेला खटला आणि सर्वोच्च न्यायालय आपोआप हाती लागेल.