पाऊस कमी म्हणून पक्षी कमी, इतकं सरळ नाही

कुणीतरी लिहिलंय की मराठवाड्यात दुष्काळ वाढला म्हणून पक्षी निघून गेले. मला हे अर्धंच खरं वाटतं. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय बघा. १९७६ साली धरण पूर्ण झालं, गोदाकाठची काळी शेतं पाण्याखाली गेली आणि त्याच ठिकाणी पाणपक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य जाहीर झालं.

पण रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगोला) नुसतं पाणी पुरत नाही, त्याला पाय टेकतील इतकं उथळ पाणी लागतं. धरण काठोकाठ भरलं की त्याची चिखलाची जागा बुडते. हिवाळ्यात पाणी ओसरलं की गाळाची जमीन (गाळपेर) उघडी पडते, लोक हरभरा-गहू पेरतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हे मोठे पाणपक्षी त्याच कोवळ्या पिकावर उतरतात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, हेही नाकारता येत नाही.

माझी खरी काळजी माळरानाची आहे. धाविक हा माळावर धावत फिरणारा छोटा पक्षी घरटं बांधतच नाही. खड्यांसारखी दिसणारी ठिपकेदार अंडी उघड्या जमिनीवर घालतो. माळावर जेसीबी फिरला, मोसंबी लागली, शेततळं झालं, की तो गेला. माळाला पडीक समजून तिथं दाट वृक्षारोपण केलं तरी तेच होतं. चंडोल, माळटिटवी, काळवीट यांना उघडं गवतच हवं. वृक्षारोपणाच्या जागा ठरवताना आधी त्या माळावर कोण राहतं, हे पावसाळ्याआधी एकदा पहाटे फिरून बघा. अंडी तेव्हा दिसतात.