निक ड्रेकचा ‘पिंक मून’: संयम की अर्धवट काम?

जुनी_तबकडी
इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकच्या ‘पिंक मून’ या अल्बमला (1972) लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय. अकरा गाणी, जेमतेम 28 मिनिटं, एक गिटार, एक आवाज. शीर्षकगीतात पियानोचे मोजके सूर येतात, बाकी पाहुणा कोणी नाही. याच माणसाच्या पहिल्या अल्बमात ‘वे टू ब्लू’साठी रॉबर्ट कर्बीने काय देखणी तंतुवाद्यं योजली होती! इथे ‘नो’ (Know) हे गाणं म्हणजे चार ओळी आणि तोच एक तुकडा घोळवत ठेवलेला. याला डेमो म्हणतात, कच्चं ध्वनिमुद्रण.

खर्जाची_तार
डेमो कसा? स्टुडिओ लंडनचा तोच साउंड टेक्निक्स, इंजिनिअर तोच जॉन वुड. ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत काम उरकलं. वादक नकोत हे ड्रेकनेच ठरवलं होतं.

आणि वाद्यवृंद गिटारमध्येच आहे. शीर्षकगीताची जुळणी बघा: सहावी तार चार अर्धस्वर खाली, पाचवी-चौथी-तिसरी दोन-दोन खाली, दुसरी एक वर, पहिली तशीच. म्हणजे सी-जी-सी-एफ-सी-ई, वर दुसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. नेहमीच्या जुळणीत तेच कॉर्ड धरले तर गाणं बेचव लागतं, कारण मोकळ्या तारांची आस मिळत नाही. बाराच्या सेटची (सर्वात बारीक तार 0.012 इंच जाड) सहावी तार इतकी उतरवली की सैल पडून खरखरते. तेराचा सेट लावा. आधी खालच्या तारा उतरवा, मग दुसरी चढवा. गिटारच्या मानेवरचा ताण बदलतो, त्यामुळे आधी लावलेल्या तारा हलतात. सगळ्या परत तपासा. कॅपो लावल्यावर आणखी एकदा, कारण सैल तार दाबली की सूर चढतो.

जुनी_तबकडी
वाजवणाऱ्यांचं ठीक आहे हो. ऐकणाऱ्याने काय मांडीवर गिटार घेऊन बसायचं? गाताना शब्दांची शेपटं गिळतो तो. आपल्याकडे भावगीतात असं कोणी गायलं असतं तर श्रोता पहिल्याच अंतऱ्याला उठून गेला असता.

बाजू_ब
तुम्ही निदान तबकडीबद्दल भांडताय. बहुतेक जण चरित्र ऐकतात. नोव्हेंबर 1974 मध्ये, 26 व्या वर्षी तो गेला, म्हणून तीन वर्षं आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये निरोप शोधायचा! मग शेवटचं ‘फ्रॉम द मॉर्निंग’ कुठे बसवणार? चांगलं उजळ, चालतं गाणं आहे. त्यात फोक्सवॅगनच्या जाहिरातीमुळे अमेरिकेत हा अल्बम नव्याने खपला. त्या श्रोत्यांना गाणं आणि शोकांतिका एकाच पाकिटात मिळाली.

खर्जाची_तार
हे पटलं. आणि तबकडीराव, फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर तक्रार साहजिक आहे. कॅपोसकट ती सहावी तार साधारण 73 हर्ट्‌झवर बोलते. तेवढं खाली फोन जातच नाही, अंगठ्याची अख्खी चाल गायब होते. बरे हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा.

जुनी_तबकडी
हेडफोननेच ऐकतो. अंगठा ऐकू येतो, गाणं पुढे सरकत नाही. ‘हॉर्न’ आणि ‘नो’ काढा, मग उरलेल्या नऊ गाण्यांबद्दल बोलू.

बाजू_ब
काढून बघाच. पाचवं ‘हॉर्न’, सातवं ‘नो’. मध्ये ‘थिंग्ज बिहाइंड द सन’, जवळपास चार मिनिटांचं, अल्बममधलं सर्वात लांब आणि शब्दांनी गच्च. दोन्हीकडची मोकळी जागा काढलीत तर त्याच गाण्याचा दम कोंडेल.