सिगिरिया: पंजांपर्यंत की माथ्यापर्यंत?

*सी-३०२ नेने काकू:* श्रीलंकेच्या सहलीत सिगिरिया, तो कातळावरचा जुना किल्ला, आहे. एजंट म्हणतो अर्ध्या तासाचं काम. खरं का?

*ए-१०४ देशमुख:* छे! पायऱ्या साधारण १२००. पर्वतीच्या १०३ धरल्या तर जवळजवळ बारा पर्वत्या, त्यातही बऱ्याच अरुंद आणि लोखंडी. चढणं, बघणं, उतरणं मिळून तीन तास धरा.

*सी-३०२ नेने काकू:* 😳 गुडघे!

*बी-२०१ इनामदार वहिनी:* काकू, टप्पे आहेत. पाण्याच्या बागा सपाट. मग चढ, चक्री जिन्याने भित्तिचित्रं (तिथे फोटो काढायला बंदी), मग आरसाभिंत (एकेकाळी आरशासारखी चकचकीत होती), शेवटी सिंहाच्या पुतळ्याचे भलेमोठे पंजे. पंजांपाशी मोकळी जागा आहे, तिथे बसून ठरवायचं. पुढचा लोखंडी जिना कातळाच्या कडेने उघड्यावर जातो. निम्म्यात चक्कर आली तर मागची रांग अडते, परत फिरणं कठीण.

*ए-१०४ देशमुख:* आणि फाटक उघडताच आत शिरा. चित्रं पश्चिमेच्या कड्यावर आहेत, सकाळी तिकडे सावली असते. उशीर झाला की बसगाड्यांची गर्दी चक्री जिन्यावर तुंबते, आणि माथ्यावर ऊन डोक्यावर.

*डी-५०३ रोहन:* हा रावणाचा महाल ना?

*ए-१०४ देशमुख:* फॉरवर्डमध्ये 😄 राजा कश्यप, इ.स. ४७७ ते ४९५. बाप धातुसेनाला मारून गादी घेतली, भाऊ मोग्गल्लान भारतात पळाला, त्याच्या धास्तीने राजधानी इथे हलवली. वाट तिथल्या प्रचंड सिंहाच्या पुतळ्याच्या तोंडातून वर जायची. डोकं ढासळलं, पंजे १८९८ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बेल यांच्या उत्खननात मोकळे झाले. नावही सिंहगिरीवरून.

*डी-५०३ रोहन:* म्हणजे आपला सिंहगडच!

*बी-२०१ इनामदार वहिनी:* आग्या माशाही आपल्याकडच्यासारख्याच रे. कड्याला पोळी असतात, म्हणून आरडाओरडा नको, अत्तर-डिओ नको. माशा उठल्या तर हात झटकायचे नाहीत, पंजांजवळच्या जाळीच्या खोलीत शिरायचं. ती त्यासाठीच आहे.
आरसाभिंतीला हात लावू नका. जुन्या प्रवाशांनी कोरलेल्या कविता आहेत तिच्यावर. आज कुणी नाव कोरलं तर तुरुंगही होऊ शकतो.

*ए-१०४ देशमुख:* मूळ पासपोर्ट जवळ हवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते. पाणी माणशी एक लिटर, माथ्यावर विकत मिळत नाही. केळी-बिस्किटं बॅगेच्या तळाशी, माकडं हातातून ओढतात.

*बी-२०१ इनामदार वहिनी:* त्याच दिवशी दुपारी दांबुल्लाची लेणी असतील तर जाड मोजे घ्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दगड तापलेला असतो. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नाही, तिथे तो अपमान समजतात.

*सी-३०२ नेने काकू:* बरं, पंजांपर्यंत येते. पण तिथे बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणार नाही, आधीच सांगते.